सतरा नंबरचा बिल्ला

जून महिन्यात, चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात, बहरीनमधल्या गुदैबियाच्या गल्लीत लोकरीचा स्वेटर मागत फिरणारा माणूस एक तर तापानं फणफणलेला असतो, नाही तर डोक्यानं गेलेला. यादवराव दोन्ही नव्हता. त्याला स्वेटर पाहिजे होता, बस. तीन दुकानांत लोक हसले. चौथं मुख्तारचं.

मुख्तार दापोलीकडचा. तीस वर्षं त्याच गाळ्यात बनियन, टॉवेल आणि सुटकेसा विकत बसलेला.

"काय रे यादव, थंडी भरली काय? डॉक्टरला दाखव."

"स्कॉटलंडला चाललोय. प्रज्योतकडं. आहे का नाही ते बोल, दात काढू नको."

"अरे वा! टूरिस्ट! जन्मभर बोल्ट आवळले, आता गोऱ्यांच्या मुलखात हवा खायला."

"हवा कसली. पोरानं तिकीट काढून ठेवलं, म्हणतो पैसे परत मिळत नाहीत. म्हणून जायचं."

मुख्तार स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून एक तपकिरी स्वेटर ओढून काढला. डांबरगोळ्यांचा वास असा आला की दोघंही शिंकले. कागदात गुंडाळताना मुख्तारचा आवाज उतरला.

"आतिकाचा फोन होता ईदला. परत तेच. यादवभाऊ शेवटच्या दिवशी सिराजबरोबर होते, त्यांना विचार, काय बोलले हे जाताना. तू एकदा बोल ना तिच्याशी. माझी मावसबहीण आहे म्हणून नाही सांगत... म्हातारी होत चालली ती."

"आल्यावर बोलतो."

"सत्तावीस वर्षं आल्यावरच बोलतोयस. डिसेंबरात तुझा व्हिसा खलास. मग कधी बोलणार, थडग्यातून?"

यादवरावनं स्वेटर काखेत मारला आणि तो बाहेर पडला. उत्तर त्याच्या घरी पत्र्याच्या डब्यात होतं. तिथंच सगळी गोम होती.

आता ती गोम काय, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी अडायला नको.

मुहर्रकच्या बाजूला तेव्हा एक छोटी खाजगी गोदी होती. आज तिथं भर घालून उंच इमारती उभ्या आहेत, विचारलं तर कोणाला आठवणारही नाही. जहाजाच्या पोटात पाण्याच्या टाक्या असतात, काळ्याकुट्ट, खणाखणांच्या. त्यांचा गंज खरवडायला माणसं आत उतरायची. उतरायला एकच गोल भोक, मॅनहोल. त्या तोंडावर एक माणूस पहाऱ्याला बसवायचे. तो यादवराव. आत जाणाऱ्यानं आपला नंबराचा पितळी बिल्ला फळ्यावरच्या खिळ्याला लावायचा आणि बाहेर आला की काढून घ्यायचा. बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस आत आहे. दर पाव तासानं पहारेकऱ्यानं हातोडीनं लोखंडावर तीन ठोके मारायचे, आतल्यांनी तीन परत मारायचे. एवढंच काम. शाळा चौथीत सुटलेल्या माणसालाही जमावं असं.

फळ्यावर चोवीस खिळे. चोविसावा पहारेकऱ्याचा, म्हणजे यादवरावचा. तो कायम रिकामा, कारण पहारेकरी कधी आत जात नाही.

सत्त्याण्णव सालचा ऑगस्ट. आत आठ माणसं. तिकडं श्रीरामपूरला त्याची बायको अंजना दवाखान्यात, लग्नानंतर अकरा वर्षांनी पहिलं बाळंतपण. शेजाऱ्यांच्या फोनवर साडेअकराची वेळ ठरलेली. बदली माणूस येईना. पहारा सोडून गेलं आणि कोणी पाहिलं तर नोकरी जाणार. मग यादवरावनं डोकं चालवलं. फळ्यावर बिल्ले दिसले तर पहारेकरी पाहिजे. फळा रिकामा तर टाकी रिकामी, आणि रिकाम्या टाकीला पहारा कशाला? त्यानं आठही बिल्ले काढून सदऱ्याच्या खिशात कोंबले आणि फाटकाबाहेरच्या फोनकडं धाव घेतली.

पोरगा झाला होता.

परत आला तेव्हा माणसं टाकीचं काम संपवून जेवायला वर येत होती, घामानं निथळत. यादवराव नाचत नाचत खिशातून बिल्ले काढून एकेकाच्या हातावर ठेवत होता, लोक पाठीवर थापा मारत होते, मिठाई कुठाय म्हणून ओरडत होते. खिसा रिकामा झाला. मुकादम मर्डो साहेब आला. उंच, लालभडक स्कॉटिश माणूस. तो गोदीत हिंदी शिकलेला, तीही कामापुरती. झाकण बसवायच्या आधी तो रोज एकच प्रश्न विचारायचा.

"कितना आदमी अंदर?"

"खलास साब, सब बाहर."

यादवरावनं रिवाजाप्रमाणे तीन ठोके मारले. झाकण बसलं. बोल्ट आवळले.

संध्याकाळी सहाला सदरा धुवायला काढला, तर खिशाच्या फाटक्या अस्तरातून एक बिल्ला बादलीत पडला. सतरा नंबर. सिराजचा, आतिकाच्या नवऱ्याचा.

धावला का? नाही धावला. बादलीच्या काठावर बसला आणि स्वतःला समजावत राहिला, की सिराज बिल्ला न घेताच खोलीवर गेला असेल. दोन तास समजावत राहिला. आठ वाजता मेसमध्ये सिराजचं ताट तसंच राहिलं, तेव्हा लोक उठले. झाकण काढलं. शेवटच्या खणात होता तो.

चौकशीत लिहिलं गेलं, की फळ्यावर बिल्ला नव्हता, सबब कामगार बिल्ला न लावता आत उतरला. स्वतःच्या बेफिकिरीनं गेला. मर्डो साहेब एवढंच म्हणाला, बंद करायचा हुकूम माझा, माझं नाव लिहा. महिन्याभरात त्यानं गाशा गुंडाळला. वर्षभरानं यादवरावच्या नावानं एक कार्ड आलं. पुढं चित्र, पोर्टनेरी नावाचं एक छोटं बंदर, समुद्राकडं पाठ करून बसलेली दगडी घरं. मागं इंग्रजीत एकच ओळ. वाचून घेतली तर, "जमेल तेव्हा ये."

कार्ड आणि बिल्ला दोन्ही पत्र्याच्या डब्यात गेले. प्रज्योतचा वाढदिवस यादवरावच्या घरात कधी साजरा झाला नाही. का, ते त्या पोराला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट होती. ती त्यानं अंजनालाही सांगितली नाही, दोन वर्षांपूर्वी ती गेली तोवर. ती गोष्ट पुढं येईल.

प्रज्योत अ‍ॅबर्डीनला तेलाच्या कंपनीत इंजिनियर. पोरगं चांगलं आहे, पण सकाळी सातला जातं आणि संध्याकाळी सातला येतं. यादवराव दिवसभर खिडकीत. रस्त्यावर माणूस नाही, हाक नाही, अजान नाही, भाजीवाला नाही. रात्री साडेदहापर्यंत उजेड, त्यामुळं झोप नाही. इकडं गुदैबियात एकटा होता, पण आजूबाजूला कढईचे आवाज तरी होते. एकटेपणाला आवाज लागतो. तोही अ‍ॅबर्डीनला नव्हता.

"बाबा, शनिवारी नेतो ना मी. कुठलं गाव म्हणालात? पोर्टनेरी? तिथं काहीच नाहीये, बाबा. थोडी घरं आणि सीगल्स."

"मला काहीच नसलेलंच बघायचंय."

गुरुवारी पोरगं कामावर गेल्यावर त्यानं डांबरगोळ्यांचा स्वेटर चढवला, कार्ड वरच्या खिशात, बिल्ला पॅन्टच्या खिशात घातला. खिसा आधी उलटा करून अस्तर बघितलं. ती सवय सत्तावीस वर्षांची. मग बस पकडली.

गाव चित्रातल्यासारखंच होतं. दगडी घरं, समुद्राकडं पाठ. निळी दारं. धक्क्यावर झिंग्यांचे पिंजरे रचलेले. दोन-चार टूरिस्ट आइस्क्रीम खात होते. इतक्या गारठ्यात आइस्क्रीम, काय म्हणावं या लोकांना. समुद्र करडा, आणि त्याच्या काठाला कोणी पाय सुद्धा बुडवत नव्हतं. लांबून बघायचा समुद्र.

चहाच्या दुकानात एक पांढऱ्या केसांची बाई होती. यादवरावनं कार्ड पुढं केलं आणि गोदीतल्या इंग्रजीत विचारलं, "मर्डो. फोरमन. बहरीन."

बाई थांबली. हात पुसले. तिचं इंग्रजी त्याला अर्धंच कळलं, पण तेवढं पुरे होतं. मर्डोला जाऊन बारा वर्षं झाली. बायको नाही, मूल नाही. बहरीनहून आल्यावर पुन्हा कुठं कामाला गेला नाही. रोज दुपारी तीनला धक्क्याच्या टोकाला जायचा. तिथं नाव बांधायचा लोखंडी खुंट आहे. त्यावर काठीनं तीन वेळा ठोकायचा आणि उभा राहायचा. ऊन, वारा, बर्फ, काही असो. किती वेळ? बाईनं खांदे उडवले. मग घरी जायचा.

"व्हाय?" यादवरावनं विचारलं. खरं तर विचारायला नको होतं.

बाईनं सांगितलं, की तिच्या नवऱ्यानंही एकदा हेच विचारलं होतं. मर्डो म्हणाला होता, माझं काम विचारण्याचं. उत्तर देणारा दुसरा आहे.

यादवरावचा चहा तसाच राहिला.

त्याचं सामान कुठं गेलं? बाईनं बोट दाखवलं. धक्क्याच्या तोंडाशी जाळी ठेवायची जुनी खोली होती, तिथं गावानं जुन्या वस्तू मांडल्या होत्या, टूरिस्टांसाठी. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. आत ओल्या दोराचा वास. कंदील, वल्ही, कोणा बुडालेल्या बोटीचं नाव लिहिलेली फळी. आणि मागच्या भिंतीला, एकटाच...

फळा.

हिरवा रंग, पांढरे आकडे, चोवीस खिळे. तोच. खालच्या कोपऱ्यात यादवरावनंच हातोडीनं पाडलेला पोचा होता. खाली चिठ्ठी, त्यात बहरीन एवढं त्याला लागलं. हा माणूस सामान सोडून फळा घेऊन आला होता, सात समुद्रांपलीकडून. खिळे सगळे रिकामे. मुकादम गेला तरी फळा सांगत होता, सब बाहर.

यादवराव भुताखेतांना मानणारा नव्हता. त्याच्या घरात बाबासाहेबांची तसबीर, आजोबांनी दीक्षा घेतलेली. नवस, अंगारे, भुतं सगळं छप्पन्न सालीच गावाबाहेर टाकून आलेले लोक. तेव्हा त्यानं स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या त्या थंडीसाठीच, असं त्यानं ठरवलं. त्यानं खिशातून बिल्ला काढला, बोटांनी पुसला आणि सतराव्या खिळ्याला लावला.

पितळ हललं. थांबलं.

"घ्या साहेब," तो मराठीतच बोलला. "लागला. सिराजनं लावला होता. मी काढला."

रिकाम्या खोलीत बोलायला किती सोपं गेलं, याचं त्यालाच नवल वाटलं. मग मोबाईल काढून त्यानं फळ्याचा फोटो घेतला. आतिकाला दाखवू कधी तरी, असं मनात होतं. कधी तरी. कडी लावून बाहेर आला.

बाहेर गाव नव्हतं.

तिकडं समुद्रावरून भरदुपारी धुकं येतं म्हणे. येत असेल. पण ते येताना दिसायला नको? खोलीत शिरला तेव्हा ऊन होतं. आता पांढरा अंधार. होय, पांढराच अंधार. रात्रीच्या अंधारात निदान दिवा तरी लागतो, यात काहीच लागत नव्हतं. स्वतःचा हात पुढं केला तर बोटं नाहीत. सीगल गप्प. आइस्क्रीमवाले गेले कुठं? मोबाईलमध्ये तीन वाजून दोन मिनिटं झाली होती.

डावीकडं धक्क्याची भिंत असेल म्हणून त्यानं हात लावला आणि तिच्या आधारानं गावाकडं चालू लागला. निदान त्याला तरी तसं वाटलं. वीस पावलं. तीस. भिंत संपेना. मग वास आला.

मासळीचा नव्हे, मिठाचा नव्हे. तापलेल्या गंजाचा वास, त्यात गंजावर मारायच्या शेंदरी रंगाचा आणि माणसाच्या घामाचा. सत्तावीस वर्षांत नाकाला न शिवलेला. आणि घोट्याला गरम हवा लागली. त्या बर्फासारख्या गारठ्यात, खालून, मॅनहोलमधून यावी तशी.

ठक्. ठक्. ठक्.

यादवराव थांबला.

लोखंडावरचे ठोके. खालून. पायाखालच्या दगडातून.

ठक्. ठक्. ठक्.

मग पुढं, पाच-सात हातांवर, धुकं जरा जाड झाल्यासारखं दिसलं. उंच. काठी टेकलेली. तोंड दिसत नव्हतं, आणि दिसू नये असंच यादवरावला वाटत होतं.

"कितना आदमी अंदर?"

आवाज मोठा नव्हता. रागाचाही नव्हता. रोजच्या कामाचा आवाज, झाकण बसवायच्या आधीचा.

आता माणसाचं बघा. ज्या एका उत्तरासाठी तो इतक्या लांब आला, जे खोलीत फळ्यासमोर घडाघडा बोलला, तेच आता समोर विचारलं गेलं होतं. एक आकडा सांगायचा होता. एक. पण जिभेला सवय असते, आणि भीतीत माणसाची जीभच आधी हलते.

"खलास साब..." यादवराव म्हणाला. "सब बाहर..."

धुक्यात काहीच हललं नाही. फार वेळ. मग तोच आवाज, जरा थकलेला:

"गिन के बोल, यादव..."

यादवराव पळाला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे गेलेला, भिंतीवर कोपर खरचटत पळाला. मागं ठोके येत होते, तीन आणि थांबा, तीन आणि थांबा. घाई नव्हती त्यांना. एका दारावर आपटला तेव्हा कळलं की गाव आलं. बस उभी होती. दोन मैल पुढं गेल्यावर लख्ख ऊन पडलं आणि मेंढ्या दिसल्या.

रात्री प्रज्योतनं विचारलं, "कसं होतं गाव?"

"काही नाही तिथं. तू म्हणालास तसंच."

"कोपराला काय झालं, बाबा?"

"आपटलं."

"डिसेंबरनंतर इथंच या ना राहायला. एकटे काय करणार गावी?"

"इथं येऊन काय करू? खिडकीत बसून मेंढ्या मोजू?"

पोरगं हसलं. यादवराव हसला नाही. मोजू हा शब्द त्याच्या तोंडातून गेला आणि तोंड कडू झालं.

बहरीनला परतल्यावर चार दिवस तो खोलीबाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी स्वेटर परत द्यायच्या निमित्तानं मुख्तारकडं गेला.

"वापरलेला माल परत घेत नाही," मुख्तार म्हणाला. "बस, चहा घे. फोटो बिटो काढलेस का नाही? का नुसताच गारठून आलास?"

यादवरावनं मोबाईल दिला. मुख्तार चष्मा कपाळावर ढकलून एकेक फोटो सरकवत गेला. बस. मेंढ्या. दगडी घरं. मग थांबला.

"हे काय, गोदीतला फळा? तिथं?"

"मर्डो साहेबानं नेलेला."

"आणि बिल्ले दोनच?"

"एक," यादवराव म्हणाला. "एकच आहे."

"डोळे तपास तुझे. हा बघ सतरा." मुख्तारनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. "आणि हा खाली, शेवटचा. चोवीस."

यादवरावनं मोबाईल हातात घेतला. चोविसाव्या खिळ्याला पितळ लटकत होतं. जुनं नव्हे. घासून पुसून लख्ख, जणू आत्ताच कोणी लावलंय. गोदी बंद झाली त्या दिवशी त्यानं तो बिल्ला ऑफिसात जमा केला होता, सही करून. आणि फोटो काढला तेव्हा तो खिळा रिकामा होता. पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगेल, रिकामा होता.

बिल्ला लटकतोय म्हणजे माणूस आत आहे.

"यादव? पाणी देऊ काय? पांढरा पडलास."

"आतिकाचा नंबर दे."

मुख्तारनं बिलाच्या मागं नंबर लिहून दिला.

दुपारचे साडेतीन. गल्लीतली दुकानं बंद, उन्हात कुत्रंही नाही. यादवरावनं खोलीचं दार लावलं, बोलणं नीट ऐकू यावं म्हणून एसी बंद केला. लोखंडी खाटेवर बसला, समोर स्टुलावर पाण्याचा पेला. नंबर लावला.

"हॅलो? कोण?"

"ताई, मी यादव. बहरीनहून."

पलीकडं कुठं तरी कोंबडी ओरडत होती. मग ती थांबली, की आतिकानं दार लावलं, कोण जाणे.

"यादवभाऊ? आमच्या ह्यांच्याबरोबरचे?"

"होय."

"बोला. मी खाली बसले."

त्यानं सांगितलं. फोन, पोरगा, खिसा, अस्तर, बादली, ते दोन तास. काही वगळलं नाही. सांगताना घाम गळत होता, पण आवाज सरळ राहिला.

"मला ठाऊक होतं," आतिका म्हणाली.

"काय?"

"हे बिल्ला विसरायचे नाहीत. सुट्टीवर आले की चपला पण जोडीनं, एका रेषेत ठेवायचे. मी सगळ्यांना सांगायची. सासऱ्यांना, मौलवींना, पोरांना. सगळे म्हणायचे, आतिका, कागदावर लिहिलंय ना, बेफिकीर होता म्हणून. पोरगा पण म्हणायला लागला शेवटी." तिचा श्वास ऐकू आला. "पोराला सांगाल हे?"

"सांगतो. लिहून देतो. ताई, माफ कर म्हणायला मला तोंड..."

"मग म्हणू नका." ती कडक बोलली. मग हळू, "अजून काही आहे, यादवभाऊ. आवाजावरून कळतं."

यादवरावनं पेल्याकडं पाहिलं. अंजनाला न सांगितलेली गोष्ट ती हीच.

"झाकण बसवायच्या आधी... मी तीन ठोके मारले. रिवाज होता. आणि... परत आले, ताई."

"काय परत आले?"

"ठोके. आतून. बारीक... तीनच. मला ऐकू आले. मी म्हणालो, बाजूच्या जहाजावर कोणी तरी गंज काढत असेल. पोरगा झाला होता, लोक मिठाई मागत होते... मला ऐकू आले होते, ताई. मी ऐकले आणि म्हणालो, सब बाहर..."

पलीकडं काहीच आवाज नाही. फोन कट झाला असं त्याला वाटलं.

"ताई?"

"यादवभाऊ," आतिका फार हळू बोलली, "तुमच्या खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही. एकटा आहे."

"मग ठोकतंय कोण?"

यादवरावनं कान दिला. एसी बंद. गल्ली बंद. काही नाही. स्वतःच्या छातीचा आवाज तेवढा.

"कुठं? मला नाही ऐकू येत..."

"तीनदा ठोकतंय... थांबतंय... परत तीनदा..." तिचा आवाज भरून आला, पण त्यात भीती नव्हती. सत्तावीस वर्षांनी कोणाची तरी चाहूल लागावी, तसा आवाज. "लोखंडावर. मघापासून चाललंय, तुम्ही बोलायला लागलात तेव्हापासून. मला वाटलं, तुम्हीच..."

स्टुलावरच्या पेल्यात पाणी थरथरलं. तीन वेळा. स्थिर झालं.

बंद खोलीत गरम हवा घोट्याला लागली, आणि तो वास.

"उत्तर द्या ना, यादवभाऊ," आतिका म्हणाली. "हे वाट बघतायत."

यादवरावनं खाटेच्या लोखंडावर मारायला मूठ उचलली. उचलली आणि तशीच अधांतरी राहिली. कारण ठोके दोन तऱ्हेचे असतात, बाहेरच्याचे आणि आतल्याचे. आणि आपण आता कुठले मारायचे, ते त्याला कळेना.